पाच एचपीचा डबा

मागच्या जानेवारीतली रात्र. पुण्यात माझी नाइट शिफ्ट चालू होती. पावणेदोनच्या सुमारास स्क्रीनवरची एक ओळ लाल झाली. समुद्राजवळच्या एका यार्डात उभ्या असलेल्या रीफर कंटेनरची वीज गेली होती. आत द्राक्षं. मी ठरलेल्या नंबरावर फोन लावला, त्या माणसाने दुसऱ्याला उठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. अकरा मिनिटांत कोणीतरी जाऊन प्लग तपासला, ब्रेकर वर केला आणि ओळ पुन्हा हिरवी झाली.

त्याच वेळी मोबाइलवर बाबांचा मेसेज आला होता. 'लाइन आली. ओलिताला चाललो.'

आमचं गाव अल्लीपूर. वर्धा जिल्हा, तालुका हिंगणघाट. शेतात कपाशी, तूर, सोयाबीन, रब्बीला हरभरा आणि थोडा गहू. त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी होती. म्हणजे बाबा हातात काठी आणि बॅटरी घेऊन विहिरीकडे निघाले होते, एकटेच. पायाखाली साप आला किंवा ओल्या हाताला स्टार्टरचा करंट लागला, तर लाल होणारी ओळ कुठल्याच स्क्रीनवर नव्हती.

होळीला घरी गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, "काय रे, तुमच्या त्या थंड डब्ब्यात संत्रा जाते म्हणते. आपल्या इथून जाईन काय?"

प्रश्न सहज नव्हता. आर्वी, आष्टी, कारंजाकडे संत्र्याच्या बागा आहेत, आमच्याकडे कमी. बाबांच्या डोक्यात दीड एकरात संत्रा लावायचा विचार होता. झाड लावल्यापासून चांगलं फळ हाती यायला पाचेक वर्षं जातात. त्या पाच वर्षांचा हिशोब माझ्या उत्तरावर बसणार होता. मी दोन वर्षं या डब्यांचा डेटा बघतोय, पण तो डबा आला कुठून आणि त्याला वीज किती, कशी आणि का लागते, हे मी कधी मुळापासून वाचलं नव्हतं. मग वाचलं. हा लेख म्हणजे बाबांना दिलेलं उत्तर आहे, थोडं लांबलेलं.

बर्फ, मग मशीन

विजेआधी थंडीचा प्रवास बर्फावर चालायचा. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये 'टस्कनी' या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधून कापलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. चार महिन्यांनी जहाज पोचलं तेव्हा साधारण १०० टन शिल्लक होता. पुढे हा अमेरिकी बर्फ मुंबईतही येऊ लागला आणि त्यासाठी शहरात बर्फाचं कोठार बांधलं गेलं.

याच शतकात आमच्या भागातूनही एक माल समुद्रापार जात होता. कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि भारतातल्या कापसाचे भाव चढले. हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जायचा. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि गाठी बंदरापर्यंत सहज जाऊ लागल्या. कापसाला ना थंडी लागते ना वीज. कोरडा ठेवला, आगीपासून जपला की झालं. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खोऱ्याला जगाच्या बाजारात जायला दीडशे वर्षांपूर्वी प्लगची गरज पडली नाही, त्याचं कारण पिकातच होतं.

फळाचं तसं नसतं. झाडावरून तोडलेलं फळ जिवंतच असतं. ते श्वास घेतं, साखर जाळतं आणि उष्णता बाहेर टाकतं. त्याला थंड ठेवायचं म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही आणि शिवाय त्याची स्वतःची उष्णताही सतत बाहेर काढायची. बर्फाने हे काम दोन-चार दिवस होतं, महिनाभर होत नाही.

मशीनने ते करून दाखवलं मांसाच्या बाबतीत. १८८२ च्या फेब्रुवारीत 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन निघालं आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचलं. जहाज वाऱ्यावर चालत होतं आणि कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन फक्त थंडीसाठी होतं. या एका सफरीनंतर न्यूझीलंडची शेतीच बदलून गेली. दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला श्रीमंत गिऱ्हाईक मिळालं. पण थंडी होती जहाजाच्या पोटात. बंदरावर माल उतरवला की साखळी तुटायची.

यंत्र डब्यावर आलं

पुढचं पाऊल रस्त्यावर पडलं. अमेरिकेत जोसेफ न्यूमेरो नावाचे गृहस्थ सिनेमाघरांना आवाजाची उपकरणं पुरवायचे. त्यांच्याकडे फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स काम करायचा. कृष्णवर्णीय, लहानपणीच पोरका झालेला, शाळा अर्धवट सुटलेली, यंत्रं उघडून उघडून शिकलेला माणूस. १९३८ च्या सुमारास त्याने ट्रकवर बसेल, खड्ड्यांचे धक्के खाऊनही बंद पडणार नाही असं थंड करणारं यंत्र तयार केलं. त्यातून थर्मो किंग ही कंपनी उभी राहिली. आजही रीफरच्या तोंडावर हे नाव दिसतं. जोन्सला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं ते १९९१ मध्ये, मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

आपल्या ओळखीचा लोखंडी डबा आला १९५६ मध्ये. २६ एप्रिलला माल्कम मॅक्लीनच्या 'आयडियल एक्स' जहाजातून ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. मग थंडीची आणि डब्याची गाठ कशी घालायची यावर दोन वेगवेगळी उत्तरं पुढे आली.

पहिलं उत्तर असं: डब्यात यंत्र ठेवूच नका. डब्याच्या एका बाजूला दोन गोल भोकं ठेवा. जहाजात एक मोठं शीतयंत्र असेल, त्याच्या नळ्यांमधून थंड हवा एका भोकातून आत जाईल, गरम झालेली दुसऱ्यातून परत येईल. १९६९ पासून ऑस्ट्रेलिया ते युरोप या मार्गावर असे डबे मोठ्या प्रमाणात चालले. त्यांना पोर्टहोल कंटेनर म्हणत. डबा स्वस्त, आत जागा जास्त, वीज सगळी एका ठिकाणी.

दुसरं उत्तर: प्रत्येक डब्याला त्याचं स्वतःचं यंत्र द्या. कॉम्प्रेसर, पंखे, कंट्रोलर, सगळं डब्याच्या तोंडावर. जहाजाने फक्त वीज द्यायची. डबा महाग आणि देखभाल जास्त.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला पहिलं उत्तर आधी आवडलं. एक मोठा सर्व्हर, बाकी सगळे साधे. पण जिंकलं दुसरं. पोर्टहोल डब्याला जिथे जाईल तिथे भोकाला जोडणारी नळी हवी. जहाजावर आहे, बंदरावर वेगळी सोय करावी लागते, ट्रकवर आणखी वेगळी. यंत्र असलेल्या डब्याला मात्र हवा असतो एक प्लग. हवेच्या नळीपेक्षा विजेची तार कुठेही नेणं सोपं. पुढच्या दोन-तीन दशकांत भोकांचे डबे हळूहळू संपले.

प्लगच्या मागचं गणित

आता बाबांच्या आवडीचा भाग. रीफरला लागते थ्री फेज वीज. दाब ३८० ते ४६० व्होल्टच्या आसपास, फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६० हर्ट्झ. दोन्ही चालायला हवं, कारण जहाजावर बहुतेक ४४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतं, आणि न्हावा शेवाला उतरलं की आपली ५० हर्ट्झची लाइन. साधी मोटर ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरते, म्हणजे जमिनीवर तोच डबा थोडा कमी थंडी देतो. सुरुवातीच्या काळात २२० व्होल्टवाले आणि ४४० व्होल्टवाले दोन्ही देश असल्याने दुहेरी दाबाचे डबेही होते. नंतर जगाने एकच प्लग स्वीकारला: लाल रंगाचा, चार पिनांचा, ३२ अँपिअरचा. तीन पिना तीन फेजच्या, चौथी अर्थिंगची, आणि ती घड्याळात तीन वाजतात त्या जागी. जागा ठरवल्यामुळे दुसऱ्या दाबाचा प्लग चुकूनही आत बसत नाही.

३२ अँपिअरच का? आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार एका रीफरने जास्तीत जास्त १५ किलोवॅट घ्यावेत, म्हणजे १८.७५ केव्हीए. ४०० व्होल्टच्या थ्री फेजवर याचा करंट होतो सुमारे २७ अँपिअर. थोडी मोकळीक धरून ३२.

पण १५ किलोवॅट ही कमाल. माल आधीच थंड करून भरला असेल तर कॉम्प्रेसर सतत पूर्ण जोराने चालत नाही. हवामान, माल आणि यंत्राचं वय यावर अवलंबून आकडा बदलतो. हिशोबासाठी सरासरी ४ किलोवॅट धरू. मी हा आकडा सांगितला तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "म्हंजे आपल्या पाच एचपीच्या मोटरीयेवढा."

बरोबर. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, तारेतून मोटर घेते त्याहून थोडी जास्त. न्हावा शेवाला रांगेत उभा असलेला प्रत्येक पांढरा डबा म्हणजे एक विहिरीवरची मोटर. फरक तासांचा. आमच्या मोटरीला थ्री फेज मिळते दिवसपाळीत आठ तास किंवा रात्रपाळीत थोडी जास्त. डब्याला चोवीस तास, रोज, महिनाभर. चोवीस तासांचे झाले ९६ युनिट. पंचवीस दिवसांच्या प्रवासाचे २४०० युनिट. आमच्या घराचं बिल महिन्याला ८० युनिटच्या आसपास येतं. एक डबा द्राक्षं युरोपात पोचेपर्यंत आमचं घर अडीच वर्षं चालेल.

एका जहाजावर असे ५०० डबे असले, तर सरासरी भार २ मेगावॅट होतो. सगळ्यांचे कॉम्प्रेसर एकाच क्षणी पूर्ण जोरात चालले, तर साडेसात. म्हणून जहाज बांधणाऱ्यांना विचार करावा लागतो, एका वेळी किती डबे खरोखर जास्तीत जास्त वीज घेतील. आणि वीज जाऊन परत आली तर? सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर जनरेटर बसेल. मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून डब्यांचे कंट्रोलर थोडा थोडा थांबून, मागेपुढे सुरू होतात.

हेही बाबांना सांगावं लागलं नाही. आमच्याकडे स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाइन आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटरी एका क्षणी उठतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. महावितरण ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा असं सांगत असतं. पण ऑटो काढला तर रात्री लाइन येण्याची वाट बघत जागं कोणी राहायचं? समुद्रातल्या डब्यांनी आपसात पाळ्या लावल्या, कारण त्यांना खात्री आहे की लाइन परत येईल आणि टिकेल. आमच्या मोटरींना ती खात्री नाही, म्हणून सगळ्यांना आधी पाणी हवं असतं.

आणखी एक गोष्ट. तीन फेजपैकी दोन तारा अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. रीफरच्या कंट्रोलरमध्ये याची तपासणी असते. फेजचा क्रम उलटा असला तर तो आपोआप सुलटा करून घेतो. मी हे जरा कौतुकाने सांगत होतो.

"मोटर उल्टी फिरली त पानी नाही येत, हे त लहान पोट्ट्यालेही समजते," बाबा म्हणाले. "दोन तारा बदलवा लागते. तुमचा डब्बा सोताच बदलवते, हे मात्र चांगलं आहे."

न्हावा शेवा आणि नाशिकची शिकवण

जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन महाग्रेप्स उभी राहिली. पुढच्या वर्षांत नाशिक, सांगली, सोलापूरची द्राक्षं युरोपात जाऊ लागली. आपल्याकडच्या रीफरचा खरा इतिहास इथे घडला, आणि त्याचा धडा असा की डबा ही साखळीतली शेवटून दुसरी कडी आहे.

रीफर माल थंड करत नाही. थंड माल थंड ठेवतो. थंड हवा जमिनीतल्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून येते, खोक्यांमधून वर चढते आणि परत यंत्राकडे जाते. पंखे आणि कॉम्प्रेसर एवढ्यासाठीच मोजून बसवलेले आहेत. शेतातून तापून आलेली वीस टन द्राक्षं थेट भरली, तर यंत्र १५ किलोवॅट घेत दिवसेंदिवस धावेल, तरी मधली खोकी वेळेत थंड होणार नाहीत. म्हणून आधी प्रीकूलिंग लागतं. तोडल्यापासून काही तासांत द्राक्षं थंड हवेच्या जोरावर शून्य अंशाजवळ आणायची, मग शीतगृहात, मग डब्यात. नाशिकच्या यशात बागाइतदारांचं कष्ट, संस्थांची शिस्त आणि पॅकहाउसच्या दारापर्यंत पोचलेली थ्री फेज वीज, तिन्हींचा वाटा आहे. तरीही सगळं सुरळीत नव्हतं. २०१० मध्ये एका रसायनाच्या अंशांमुळे युरोपात द्राक्षांचे डबे अडकले. तेव्हा प्रत्येक डबा आतून थंड होता, प्लग शाबूत होता, आणि तरी शेतकरी बुडाले.

२०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. आमच्या स्क्रीनवर याचा अर्थ सरळ होता: प्रत्येक डब्यामागे आणखी तेराशे-चौदाशे युनिट, आणि आतल्या फळाच्या आयुष्यातले चौदा दिवस कमी.

संत्रा कुठे उभा आहे

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्याचा रीफर कंटेनर वाशीहून दुबईकडे रवाना झाला, समुद्रमार्गे पाठवता येतो का हे बघण्यासाठी. पण वर्षानुवर्षं या संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक राहिलं बांगलादेश, तेही ट्रकने. २०१९ नंतर तिथलं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढत गेलं आणि इकडे बागांमध्ये भाव पडले. एका रस्त्यावर, एका देशावर अवलंबून राहिलं की असं होतं. समुद्राचा मार्ग म्हणूनच हवा आहे.

वर्ध्याजवळ सिंदी रेल्वेला ड्राय पोर्टची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. अल्लीपूरहून ते ठिकाण फार लांब नाही. डबा तिथे येऊ शकतो, शेतापर्यंतही येऊ शकतो. ट्रकवर असताना त्याला डिझेलचा जेनसेट लावतात. रेल्वेने न्यायचं तर जनरेटर सोबत घेऊन केबली जोडतात. म्हणजे 'डबा येईन काय' याचं उत्तर: येईल. त्याच्या विजेचा प्रश्न जगाने पन्नास वर्षांत सोडवलाय.

अडचण डब्याच्या आधी आहे. संत्र्याला आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यायचा, मग ठरल्या वेळी पाणी. ते पाणी लाइनच्या पाळीवर चालत नाही. फळ तोडलं की प्रीकूलिंगला पुन्हा थ्री फेज, चोवीस तास. संत्र्याला द्राक्षासारखी शून्य अंशाची थंडीही चालत नाही, साल डागाळते; त्याला पाच-सहा अंशांच्या आसपास सांभाळावं लागतं. म्हणजे त्याचं पॅकहाउस, त्याची शिस्त वेगळी. ती एका शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही, नाशिकसारखं शंभर जणांनी एकत्र यावं लागतं.

आणि हे सगळं वीज नसलेल्या मुलखाबद्दल चाललेलं नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. देवळीच्या बाजूला ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. ज्यांच्या शेतांवरून मोठे टॉवर जातात ते रात्री दोनला ओलिताला जातात. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, शेतीच्या फीडरला सौर प्रकल्पातून दिवसा वीज देण्यासाठी. जिथे ती पोचली तिथे शेतकरी रात्री झोपतात.

मी हे सगळं बाबांना दोन संध्याकाळी सांगितलं. जहाज, भोकांचे डबे, जोन्स, ३२ अँपिअरचा प्लग. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे डब्ब्याची काळजी नाही. लाइनची आहे."

"हो."

"मंग आधी अर्ध्या एकरात लावतो. सोलरच्या मोटरीचा अर्ज भरून दे तू. दिवसा पानी भेटलं त पुढचा एक एकर पाहू."

त्या रात्री मी अर्ज भरला. मोबाइलवर सातबारा अपलोड होत नव्हता, रेंज जात होती; चौथ्यांदा झाला. सकाळी निघायच्या आधी बाबांसोबत विहिरीवर गेलो आणि स्टार्टरच्या खोक्याला अर्थिंगची नवी तार जोडून दिली. जुनी कधीतरी तुटली होती. डब्याच्या प्लगमध्ये चौथी पिन कधीच सुटत नाही. हे मला दोन वर्षं माहीत होतं.